शेवटच्या स्पर्शापासून

दोरीपलीकडून, केनेमाहून आलेला ब्रिमा
पुन्हा समजावतो:
एकवीस दिवस. शेवटच्या स्पर्शापासून मोजायचे.

शेवटचा कुठला, केमा विचारते.
मावशीला पाणी पाजलं तो,
की ती गेल्यावर वेणी सोडवली तो?
आणि तिचं नेसूचं कापड
अजून माझ्या उशाशी आहे, त्याचं काय?

ब्रिमा वही चाळतो. वहीत कापड नाही.
'जाळावं लागेल,' म्हणतो, हळू,
आणि बारा खोडून
पुन्हा एक लिहितो.

शेजारची सिया दगडावर
कसावाच्या पाल्याचं कालवण, भात ठेवून
मागे सरते. ओरडते, गरम आहे गं, लगेच खा.

धूर विझेपर्यंत केमा दारात उभी.
हात कुठे ठेवायचे
हे कुणी सांगितलेलं नाही.