खडे

जांबोटीच्या शाळेत कन्नड परिपत्रक आलं.
हेडमास्तरांनी मराठी करून सांगितलं:
समुपदेशकाला यापुढं एम.ए. लागेल,
अनुभवाचे तास, त्यावर शिक्का.
बाकी कुणी मुलांना खोदून विचारायचं नाही.

मानकं ठरवायला नऊ बैठका झाल्या,
गाडीभाडं, भत्ते, जेवणं.
पद मंजूर आहे, माणूस नाही.
खोलीची पाटी रंगवून झाली.

"मग नागोजीचा पोरगा?" बिसीऊटाची लगमव्वा म्हणाली.
बाप गोव्याला गेला तसा तो गप्पच,
मधल्या सुट्टीत तिच्या सुपाशी बसतो,
उद्याचे तांदूळ निवडतो.
सोमवारी पहिल्यांदा बोलला होता:
खडा गावला.

हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले,
नियम तसा बरोबरच आहे की.

लगमव्वा उठली.
तांदूळ निवडून झालेले.
ओट्यावर बाजूला काढलेले खडे
तिनं मूठभर उचलले,
सुपात परत मिसळले.