टाकणखार

अ‍ॅक्रनमध्ये, नॉर्थ हिलच्या वाचनालयाच्या तळघरात
शनिवारी अकराला
चौदा मुलं, सात वाट्या,
शाळेच्या पांढऱ्या डिंकाच्या चार बाटल्या,
आणि कपडे धुण्याच्या सामानातून उचललेला
टाकणखाराचा खोका.

आमच्या गल्लीतला सोनार डाग जोडताना हाच वापरायचा,
चिमूटभर, फुंकणीसमोर.
इथे त्याने चादरी उजळतात.
मी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवते
आणि बजावते, तोंडात घालायचं नाही.
लगेच तिघांचे हात तोंडाशी,
मी ओरडते का ते पाहायला.
ओरडते.

डिंकात निळा रंग. मग खाराचं पाणी, थेंब थेंब.
ढवळ, जमीला. अजून ढवळ.
आधी नासलेल्या दुधासारखे नुसते गोळे,
मग चमचाच फिरेना.
शेंबूड! ते ओरडतात, त्यांच्या भाषेत.
एवढा एक शब्द मला
पहिल्या दिवसापासून कळत आलाय.

का झालं असं?
कोल्टन म्हणतो, जादू.
टेकनाथ म्हणतो, गोठलं.
मी टेबलं भिंतीला सारते.
सहा जणांनी हात धरा, ही एक साखळी.
दुसरे सहा, दुसरी.
पळा.
साखळ्या एकमेकींना घासून निसटतात,
खुर्च्यांमधून वळतात, खिदळतात. हा डिंक.
उरलात दोघं, तुम्ही खार.
एका हाताने ही साखळी पकडा, दुसऱ्याने ती.
आता पळा.

कुणालाच पळता येत नाही.
अख्खा घोळका डुलतो, कलतो,
एकाच्या बुटावर दुसऱ्याचा पाय.
“आम्हीच ते झालो,” ब्रियेल म्हणते,
आणि मी फळ्याकडे वळते.
फळा नाहीये तिथे. सवय.

मिरजेला एकोणीस वर्षं मी हे लिहून घ्यायला लावलं:
बहुवारिक म्हणजे, स्वल्पविराम.
व्याख्येला दोन गुण, आकृतीला एक.
टाकणखाराची बाटली कपाटात,
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.
दहावी ब मधली वासंती खाडे एकदा म्हणाली,
बाई, हात लावून बघू?
परीक्षेला येत नाही, मी म्हटलं. बस खाली.
बसली.
चांगली मुलगी होती, बसली.

तुटेपर्यंत ताणू नये, हे आमच्याकडचं शहाणपण.
आज म्हणते, ताणा.
हळू ओढलं की ते दारापर्यंत येतं,
पातळ, मधे पोट सुटलेलं.
हिसका दिला की तुकडा,
कडा काचेसारखी.
तीच वस्तू, तेच हात.
तुम्ही किती घाईत आहात, त्यावर आहे.

फरशी पुसणारे मिस्टर वुकोविच मॉप टेकवून उभे.
बोटभर मागून घेतात, अंगठ्याने दाबतात,
सोडतात, परत फुगतं का बघतात.
टायरच्या कारखान्यात बारा वर्षं हेच केलं म्हणतात,
कुलूप लागेपर्यंत.
फक्त खाराच्या जागी गंधक, आणि धग.
आई दारातच कपडे काढायला लावायची, इतका वास.
म्हणजे तुम्ही स्लाइम बनवायचात?
ते खरोखर विचार करतात.
हो, म्हणतात. काळा.

पुढच्या शनिवारी ब्रियेल डबी घेऊन येते.
झाकण उघडं राहिलं होतं. आत निळी खापरी.
मेलं का हे?
नाही गं, पाणी गेलं फक्त.
माझ्या जिभेवर व्याख्या तयार असते,
स्वल्पविरामासकट.
तिने कोमट नळ सोडलेला असतो,
बाह्या कोपरापर्यंत,
आणि दोन्ही हात आत.
मला विचारतसुद्धा नाही.