बत्तीस अँपिअर

जुना प्लग हातात घेतला तेव्हाच कळलं.
एका पिनेपाशी प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं,
आत काळं.
बू सुलतान सांगत होता, मागच्या हिवाळ्यात
एसी लावला की चहा नाही,
चहा ठेवला की दिवे नाहीत,
आणि अंधार झाला की पोरं हसायची.
मी मान हलवली.
पोरं हसतात. वायर तापते.

उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी
पांढरी कॅरव्हॅन, एक चाक वाळूत रुतलेलं,
वर्षातून पंधरा-वीस रात्री जागी होणारी.
तिला आता बत्तीस अँपिअर हवे.
निळा सॉकेट, सहा एमएमची केबल,
नवा ब्रेकर, नवा ईएलसीबी.
तिलक आत सीटखाली झोपून केबल ओढत होता,
फक्त त्याचे मोजे दिसत होते.
आधी लोड बघ, मगे वायर,
सावंतवाडीच्या आयटीआयत कुडतरकर मास्तर सांगायचे.
मी लिहिलं: एसी, गिझर, किटली, मायक्रोवेव्ह,
आणि मुलीचं केस वाळवायचं यंत्र, ते विसरू नको,
असं बू सुलताननं दोनदा बजावलं.

सजामधल्या आमच्या खोलीत आठजण, सॉकेट एक.
भिंतीवर कागद आहे.
साडेनऊ ते दहा, माझा फोन.
तो लोड कधी मोजला नाही.

शेवटी राहिलं अर्थिंग.
वाळूत रॉड ठोकला, मीटर लावला:
दोनशे चाळीस.
कोरडी वाळू काहीच घेत नाही, पाणी सोडून.
म्हणून मी पिशवी आणली होती,
पाच किलो जाडं मीठ, कोळसा,
गावाकडे खड्ड्यात घालतो तसं.
तिलक म्हणाला, दादा, आधी अजून थोडं ठोकू.

ठोकलं. दुसरा रॉड जोडून ठोकलं.
घामानं हातोडा निसटायला लागला.
आणि साधारण अडीच मीटरवर
आवाज बदलला.
ठण्ण नाही, थप्प.
रॉड आपणहून दोन बोटं खाली गेला,
कुणी खालून धरल्यासारखा.
वाळूच्या थोबाडावर पत्ता नव्हता,
पण खाली ओल होती. खारी.
समुद्र आमच्या पायाखाली येऊन बसला होता,
कधीपासून, कोण जाणे.
मीटर: सात.

बू सुलताननं सगळं एकदम लावलं.
एसी, किटली, गिझर, ते केसांचं यंत्रसुद्धा,
वाऱ्यावर धरून उभा राहिला.
दिवा एकदाही डोळा मिटला नाही.
मिया मिया? त्यानं विचारलं.
मिया मिया, मी म्हणालो.
बटण दाबून ईएलसीबी एकदा पाडून दाखवला,
पडायला हवा तेव्हा पडतो, हेही बघून ठेव.

जळका प्लग खिशात आला तो तसाच.
साडेनऊला बायकोनं विचारलं, आज काय?
म्हटलं, नेलेलं मीठ परत आणलं.
ती म्हणाली, म्हणजे?
तेवढ्यात दहा वाजले.

सुधाकरननं त्यातलंच मूठभर
माशाच्या कालवणात टाकलं.
थोडं जास्तच झालं होतं.
सगळ्यांनी खाल्लं.