उजवं पुढचं चाक

नट आधी सैल करायचे, गाडी जमिनीवर असतानाच.
हे माहीत होतं, तरी आधी जॅक लावला.
पान्याबरोबर चाकच फिरत राहिलं.
वरच्या गॅलरीतून मढवीकाका म्हणाले,
"खाली घे रे. पहिल्यापासून."

ऐरोली, सेक्टर आठ, इमारतीखालचं पार्किंग.
खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यानं इथलं सगळं गंजतं:
जिन्याचे गज, पोरांच्या सायकली,
ताईची बारा वर्षांची वॅगन-आर.
दोन आठवडे ती फोनवर सांगत होती,
"ब्रेक दाबला की किरकिरतं काहीतरी."
मी म्हणायचो, "धूळ असेल."

तुर्भ्याच्या दुकानदारानं कागद सोडून डिस्कची जोडी दाखवली,
नव्याकोऱ्या ताटल्या, तेलाचा हात फिरवलेल्या.
"बसवणार कोण?"
"मीच."
त्यानं माझ्या हातांकडे बघितलं
आणि ग्रीसची एक पुडी फुकट दिली.

चौदाचा पाना. खालचा बोल्ट सुटला.
वरच्यासाठी पान्याला पाइप जोडला, पाइपवर पाय दिला,
आणि सुटला तेव्हा असा कडकन आवाज
की मांजरानं स्कूटरवरून उडी टाकली.
"तुटलं?" ताई म्हणाली.
तुटलं नव्हतं.

कॅलिपर लोंबकळू द्यायचा नाही, नळीवर भार येतो.
तार आणायची राहिली होती.
ताई वर गेली, बाबांच्या फाइलची नाडी सोडून आणली,
तिनंच तो स्प्रिंगला बांधला, दोन गाठी मारून.

बाहेरचा पॅड चांगला जाड.
चाकाच्या फटीतून दिसतो तो हाच.
मागच्या महिन्यात मी वाकून बघितला होता,
"भरपूर आहे" म्हणालो होतो
आणि चहा पिऊन निघालो होतो.

आतला उरलाच नव्हता.
नुसती पत्र्याची पाठ, लोखंडावर लोखंड,
डिस्कच्या आतल्या अंगाला नख अडकेल अशा चऱ्या.

ताईनं टॉर्च जवळ आणला.
"हा एकटाच कसा झिजला?"
"पिन अडकलेली. दोघांनी मिळून धरायचं असतं.
पिन सरकली नाही, की एकच दाबत बसतो."

सोम, बुध, शुक्र, पहाटे सव्वापाचला
बाबांच्या पाठीशी उशी देऊन ती नेरूळला निघते,
साडेअकराला घेऊन येते. मग ऑफिस.
मी ठाण्यात राहतो. कळव्याचा पूल, विटावा, दिघा, की आलंच.
टॉर्च जरासा हलला.

जुनी डिस्क हबला चिकटून बसलेली.
मी हातोडी मारली. बरीच मारली.
डिस्कला मुद्दाम ठेवलेली दोन भोकं ताईला दिसली.
त्यात बोल्ट पिळत जायचं, थोडा हा, थोडा तो,
आपोआप सुटते.

पिन पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस लावलं.
पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल काठाशी आलं,
"बस, बस, बस!" ती ओरडली.

डावं चाक तिनं केलं.
मी टॉर्च धरला.

गाडी खाली घेतली. पेडल दाबलं
आणि पाय थेट तळाला.
पोटात धस्स झालं.
होतं असं, पिस्टन पुढे यायला वेळ लागतो,
हेही मला माहीत होतं.
पुन्हा दाबलं. पुन्हा.
पाचव्यांदा पायाखाली काहीतरी उभं राहिलं.

दिवा गावाच्या बाजूला रस्ता रिकामा होता.
चाळीसवर न्यायची, दहावर आणायची,
पुरतं थांबायचं नाही. असं दहा वेळा,
म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात.
चालवत ती होती, मोजतही तीच होती.

सातच्या पुढे मी म्हणालो,
"शुक्रवारी मी येत जाईन."

"आठ," ती म्हणाली, आणि ब्रेक दाबला.

आवाज आला नाही.