त्रेचाळीस हजार आठशे सतरा

मीटर तिथंच अडकलंय, मी घेतली तेव्हापासून.
तुमसरला राइस मिलच्या मागे उभी होती,
मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.
मालक म्हणाला, कोंबडी सोडून बाकी सगळं तुमचं.

डुक्कर फियाट. अठ्ठावन्न सालची.
माझ्याहून तीन वर्षांनी थोरली.
पुढची दारं उलटी उघडतात,
गिअर स्टिअरिंगला,
आणि वास अजून कोंड्याचा.

पहाटे चारला चोक ओढला.
दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा खोकली, निघाली.

पवनीच्या पुलावर वैनगंगेला उजेड फुटला.
पुढे मोहाखाली वाकलेल्या बाया,
एकीनं टोपलं कमरेवर घेऊन विचारलं,
कोटी चालल्या बाई?
मेहकरला.
तिथं कोण हाय?
कोणी नाही.
ती पुन्हा वेचायला लागली. हे उत्तर तिला चाललं.

भिवापूरला अंगणाअंगणात मिरची वाळत.
डावीकडची काच वर होत नाही.
उमरेडपर्यंत आम्ही शिंकत गेलो,
मी आणि बहुतेक कार्बोरेटरही.

गिरडला चहावाला: एकट्याच?
वडनेरला पंपावरचा पोरगा: एकट्याच?
राळेगावच्या अलीकडे, वर्धा ओलांडल्यावर,
बकऱ्या थांबवून एक म्हातारा: एकल्याच?
आधी म्हटलं हो. मग म्हटलं, दिसतंय तसंच.
म्हाताऱ्याला म्हटलं, गाडी आहे की सोबत.
त्यानं टपावर थाप मारली, म्हशीला मारतात तशी.

तीस वर्षं नागपूरच्या कचेरीत
नकाशे ट्रेस केले मी. भूमी अभिलेख.
शिवा, पांदणी, नाले, गावठाणं,
ही सगळी गावं माझ्या हाताखालून गेली
काळ्या शाईत, एकही पायाखालून नाही.
शेवटची शीट मेहकर तालुक्याची होती.
निरोपाच्या भाषणात कोणी हे बोललं नाही,
मीही नाही.

दुपारी एक. यवतमाळचा घाट.
पेट्रोल नळीतच वाफ होतं,
पंपावर ओला फडका, बाटलीतलं पाणी,
पंधरा मिनिटं गाडीची, पंधरा माझी.
शेताच्या कडेला पऱ्हाट्यांचे ढीग,
सावली त्यांचीच, तीही काट्याकाट्यांची.

दारव्ह्याच्या पुढे मेलीच.
डायफ्राम फाटलेला.
एका टेम्पोनं दोरीनं ओढत कारंज्याला आणलं,
अजाबराव ढोकण्यांच्या दुकानासमोर.
फवारणी पंपांची दुरुस्ती. मोटारी नाही.
त्यांनी झाकण उघडून पाहिलं, वास घेतला.
पंप तं पंपच असते बाई,
औषध ओढो नाहीतं पेट्रोल.

रबरी कापड पसरलं. गोल आखायला
बाटलीचं बूच शोधायला लागले.
मी त्यांच्या कानामागची पेन्सिल मागितली
आणि हातानंच गोल काढला,
कडेला सहा भोकं, सारख्या अंतरावर.
ते बघत राहिले. माझ्याकडे नाही, गोलाकडे.

कुठी शिकल्या?

दिवसभरात हा एकच जण
ज्यानं एकटेपणाचं विचारलं नाही.
मी सांगायला लागले आणि थांबेचना:
बोरू, ट्रेसिंग क्लॉथ, उन्हाळ्यात हाताच्या घामानं
फुटणारी शाई, ओल्या टिपकागदाचा उपयोग.
त्यांनी मधे फक्त एकदा म्हटलं, हाव.
ऐंशी रुपये घेतले. हॉर्न एकदा वाजवून पाहिला.
गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

गावाबाहेर वरून समृद्धी जाते,
गाड्या दिसत नाहीत, नुसता फाडत गेल्याचा आवाज.
आम्ही खालून, चाळीसच्या वेगानं,
माझ्या हातचा गोल पोटात धडधडत.

मालेगावच्या पुढे अंधारात एक खड्डा चुकला नाही.
स्टेपनी आदळली, डबा सांडला,
आणि डॅशबोर्डच्या पिवळ्या दिव्यात पाहिलं तर
मीटरमधला सात जरा वर सरकलेला,
खालून आठाचं डोकं.

काचेवर टिचकी मारली असती तर
पूर्ण आला असता, किंवा पुन्हा मागे गेला असता.
मारली नाही.
मेहकरचे दिवे लागले होते उतारावर,
मी काढले होते त्याहून बरेच जास्त.