आठवा दिवस

लाल रेघ असलेली पाकिटं
मी गेल्या दिवाळीनंतर काचेआड नेली, कुलूप लावलं.
किल्ली कमरेला.
आई म्हणाली, दुकानाची सासू झालीस गं.

रामबागेतलं दुकान, बाबांच्या हातचं.
काउंटरची कड जिथे लोक टेकतात
तिथे लाकूड गुळगुळीत झालंय.

घोडगावकर काका चिठ्ठी घेऊन आले.
मी सात मोजल्या, कात्रीनं पत्ता कापला.
"अहो, तीस लिहिल्यात."
लिहिल्यात खऱ्या. पण डॉक्टरांशी बोलले मी,
तेच म्हणाले, आठ-आठ दिवसांच्या द्या.
"मी काय कुकुलं बाळ आहे?
टेलिफोन एक्स्चेंजात अर्धं इंदूर
माझ्या बोटांतून बोलायचं."
मागून कोणीतरी म्हणालं, भिया, जरा जल्दी.
काकांनी पाकीट खिशात कोंबलं
आणि सुटे न घेताच पायरी उतरले.

त्यांना सांगितलं नाही
की याच कडेला टेकून
एका बाईंनी एकदा अख्खा डबा नेला होता.
कापडी पिशवी होती, तिच्यावर साडीच्या दुकानाचं नाव.
बाबा म्हणाले होते, सांभाळून जा, गाड्या फार आहेत.
नंतर पोलीस आले, चहा पिऊन गेले,
कोणी एका शब्दानं बोललं नाही बाबांना.
गल्ला मोजता मोजता ते मध्येच थांबायचे
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.
वर्षानुवर्षं.

लोक म्हणतात, जाणारा जातोच.
मीही म्हणायचे, पांढरा कोट घालून म्हणायचे.

मग मावसबहीण शर्वाणी एकदा
भुट्ट्याचा कीस ढवळता ढवळता बोलली,
माझ्याकडे न बघता:
त्या रात्री कपाट उघडलं तर डबा जागेवर नव्हता.
आईनं शेजारी ठेवलेला, रेगेकाकूंकडे.
रात्री दोनला कोणाची बेल कशी वाजवायची?
लाज वाटली गं.
म्हणून ओट्याखाली बसून राहिले.
चारला नर्मदेचे नळ आले.
एक दिवसाआड येतात, सोडून कसे चालतील?
बादली लावली. मग दुसरी. मग पिंप.
पिंप भरेस्तोवर आई उठली
आणि माझ्या तोंडाकडे बघून
नळ बंद न करताच खाली बसली.

मी विचारलं, मग गेलं ते सगळं?
म्हणाली, गेलं कुठे. उतरलं.
मीठ बघ गं जरा.

तेव्हापासून मला कुलूप हा शब्द वेगळा ऐकू येतो.
फार काही करत नाही ते.
नळ येईपर्यंत थांबवतं.

आपल्यात आठवड्याला आठ दिवस म्हणतात,
गोळ्या मात्र सातच लागतात.
आठव्या दिवशी माणसाला यावं लागतं.
काका यायचे, रागानेच यायचे.
गुडघा, ऊन, रिक्षावाला, मी,
सगळ्यांना एकाच दमात बोलायचे.
एका गुरुवारी साडेआठ वाजले तरी नाहीत.
इरफानला दुकानात बसवून मी गेले,
तर स्वारी जिन्यावर बसलेली, हातात फ्यूजची तार.
"वायरमनची वाट बघतोय. तुम्ही कशाला आलात?"
काय सांगणार? म्हटलं, अशीच.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या आठव्या दिवशी पिशवी आणली, गाठ मारलेली.
कुमुदिनीकाकूंच्या उरलेल्या.
दोन वर्षं कपाटात होत्या म्हणे, साड्यांच्या मागे.
काउंटरवर ठेवली, हात काढेनात.
मग काढला.
"हे तुमच्याकडे असू द्या."
मी वहीत लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलं.

आणि काल खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली.
"तुमचं ते कुलूप फार कुरकुरतं. ऐकवत नाही."
चष्मा कपाळावर चढवून वाकले,
किल्लीच्या भोकात दोन थेंब सोडले,
उघडून पाहिलं,
लावून पाहिलं,
पुन्हा लावून पाहिलं.
"आता बरोबर बसतंय," म्हणाले,
आणि किल्ली माझ्या हातात दिली.