चौथा, पाचवा

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज संध्याकाळी तासभर,
तीही आली तर.
म्हणून त्सियालाबाईंनी दात शिकवले अंधारात.
अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी, आत दात:
कुणाकुणाचे, उकळून वाळवलेले.
रॉकेलच्या शेगडीभोवती आम्ही सातजण,
हातमोज्यांची टोकं कापून बोटं मोकळी केलेली.

"पटाशीचा, सुळा, ते शेंबडं पोरही ओळखेल.
मला उपदाढा सांगा.
अक्कल येते ती दाढेला, सुळे राक्षसाला,
या आठजणींवर भाषेनं एक म्हणसुद्धा खर्चली नाही.
फाडणं शेजारच्या सुळ्याकडून उसनं,
दळणं पलीकडच्या दाढेकडून."

पहिला दात ज़ाज़ाच्या तळहातावर पडला.
मुळापासून सुरू कर, बाई म्हणाल्या.
मुळाला दोन फाटे, कपड्यांच्या चिमट्यासारखे.
वर दोन टोकं: गालाकडचं उंच, जिभेकडचं जरा बुटकं.
आणि सुळ्याकडच्या अंगाला एक खळगा,
बोट तिथं आपसूक थांबतं.
"वरचा चौथा."
"कुठल्या बाजूचा?"
ज़ाज़ानं खळगा पुढं धरला, उंच टोक बाहेर,
आणि दात हळूच आपल्याच गालापाशी नेऊन पाहिला,
एकदा इकडे, एकदा तिकडे.
"उजवा."

वरचा पाचवा मला आला.
मूळ एकच. टोकं जवळजवळ सारख्या उंचीची.
मधला चर आखूड, भोवती बारीक सुरकुत्या,
नखाला लागतील एवढ्याच.
खळगा नाही.
बाजू मी चुकले.
बाईंनी गुण कापले नाहीत:
"याची बाजू मीसुद्धा दिवसाउजेडीच सांगते."

खालचा चौथा एतेरीला सुळाच वाटला.
सगळ्यांनाच वाटतो.
बाहेरचं टोक धारदार, आतलं इवलंसं, नावापुरतं,
जेवताना वरचा दात त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही.
"मग ते आहे कशाला, बाई?"
"जिभेला विचार."
त्या इवल्या टोकाशेजारी, पुढच्या कोपऱ्यात, एक चीर.
ती सापडली की सुळा नाही.
एतेरीला ती सापडायला शेगडी दोनदा भरावी लागली.

राहिला खालचा पाचवा.
बरणी चाचपली, पालथी केली,
टेबलाखाली रांगून आलो.
नव्हता.

"बहुतेकदा तीन टोकं असतात त्याला," बाई म्हणाल्या,
आणि माझ्या तळहातावर नखानं तीन चर काढले,
एकत्र येणारे, गावाबाहेरच्या तिठ्यासारखे.
मग स्पिरिटनं माझं बोट पुसलं,
तोंड उघडलं.
"खाली, डावीकडे. पाचवी जागा."

रुंद होता. बुटका.
दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा खाली बसलेला,
माथा झिजून पाटीसारखा.
तिठा कुठंच नाही.
"ही उपदाढ नाही," मी म्हणाले, बोट अजून आतच.

त्या हसल्या असाव्यात, गाल हलला.
"दुधाची दाढ. माझ्याएवढीच, साठीला टेकलेली.
लहान मुलांच्या तोंडात उपदाढ नसतेच मुळी.
ती मागाहून येते, खालून,
दुधाच्या दाढेची मुळं विरघळवत.
माझी आलीच नाही.
हाडात कळीच धरली नव्हती.
आणि हिला कुणी ऊठ म्हणालं नाही."

तेवढ्यात वीज आली.
सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

आता रुस्तावीत माझा दवाखाना आहे.
काल बारा वर्षांचा नुग्ज़ार खुर्चीत.
क्ष-किरणाच्या फिल्मवर दुधाच्या दाढेखाली
फक्त हाड, जाळीदार, करडं.
आई म्हणाली, काढून टाका ना, सगळे पडले, हाच हटून बसलाय.
मी दाढ हलवून पाहिली. हलली नाही.
तक्त्यात पस्तीसचा चौकोन कोरा ठेवला,
दुधाच्या ओळीत पंचाहत्तरवर खूण केली,
आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं:
राहू द्यावी.